वेळेचा जमाखर्च

पैशाच्या हिशेबात मी आयुष्यात कधी चुकलो नाही. छत्तीस वर्षं बँकेत लोकांचे पैसे मोजले आणि संध्याकाळी वहीत तीस पैशांचा जरी फरक निघाला तरी तो सापडल्याशिवाय लोकल पकडली नाही. पण निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, आणि या सहा वर्षांचं तुम्ही काय केलंत, असं उद्या एखाद्या ऑडिटरनं विचारलं, तर दाखवायला माझ्याकडे एकही व्हाउचर नाही. सहा वर्षं शिल्लक होती, ती खर्च झाली. कशावर, देव जाणे.

ही अफरातफर उघडकीस आली ती गेल्या दिवाळीत. चिरंजीव सहकुटुंब बंगळुरूहून आले होते. फराळ चालू असताना त्यांचं लक्ष सहज माळ्याकडे गेलं.

"बाबा, आईची पेटी दुरुस्तीला टाकणार होतात ना तुम्ही? रिटायर झाल्या झाल्या?"

"टाकायची आहे रे. वेळ कुठे मिळतो?"

यावर घरात जी शांतता पसरली ती मी विसरणार नाही. सूनबाईंच्या हातातली चकली हातातच राहिली. नातवानं मोबाईलमधून मान वर काढली. ही घटना वर्षातून एकदोनदाच घडते. आमची ही मात्र काही बोलली नाही. उठली आणि आत चहा टाकायला गेली. इतक्या वर्षांच्या संसारात मला एवढं कळलं आहे, की ही बोलली तर विषय संपतो. चहा टाकायला गेली की विषय सुरू होतो.

पेटी हिची, माहेराहून आणलेली. लग्नाआधी हिनं मध्यमापर्यंतच्या परीक्षा दिल्या होत्या आणि विशारद लग्नानंतर पुरं करायचं ठरलं होतं. लग्नानंतर ही आली ती लालबागच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत. आम्ही सात माणसं. पेटी उघडायची तर दोघांना उठून गॅलरीत उभं राहावं लागे. पेटी माळ्यावर गेली. पुढे आम्ही डोंबिवलीला आलो, तशी पेटीही आली. एका माळ्यावरून उतरून दुसऱ्या माळ्यावर चढली.

"बाबा, तुमचा दिवस जातो कुठे ते आधी बघा," चिरंजीवांनी निदान केलं. "त्याची ॲप्स असतात." आणि त्यांनी मला माझ्याच मोबाईलमध्ये जी यादी दाखवली ती आमच्या लग्नातल्या वाणसामानाच्या यादीहून लांब होती. त्यात जाती मुख्यतः तीन. पहिल्या जातीत काम सुरू करताना बटण दाबायचं आणि संपल्यावर पुन्हा दाबायचं; २००६ साली इस्टोनियात निघालेलं टॉगल हे त्यातलं. दुसरी जात तुम्हाला काही न विचारता पाळत ठेवणारी. २०१८ पासून ॲपल आणि गूगल या दोघांनीही असा एक पाळतदार फोनमध्येच नेमून टाकला आहे. तिसरं फॉरेस्ट नावाचं. त्यात फोनला हात न लावता बसलात तर पडद्यावर एक झाड वाढतं, आणि राहवलं नाही तर ते मरतं. मला हे फार आवडलं होतं. पण आमच्या सोसायटीत एका फांदीवरून दोन वर्षं भांडण चालू आहे, तेव्हा म्हटलं, आणखी झाड नको.

स्थळ बघताना आधी कूळ बघावं, ही आमच्याकडची रीत. म्हणून ॲप निवडण्याआधी मी ॲपचं कूळ शोधायला बसलो. त्यात तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांचीही नोंद कुठे नाही, हे ओघानं आलंच.

आपल्याकडचा मूळ पुरुष म्हणजे घटिकापात्र. जुन्या लग्नांत ज्यांनी पाहिलं असेल त्यांना आठवेल. घंगाळात पाणी, पाण्यावर तरंगणारी तांब्याची वाटी, वाटीच्या बुडाला बारीक भोक. पाणी हळूहळू आत शिरतं, वाटी भरते आणि बुडते. बुडाली की एक घटका झाली. अहोरात्रीच्या साठ घटका, म्हणजे घटका चोवीस मिनिटांची. घटकेची साठ पळं, म्हणजे पळ चोवीस सेकंदांचं. यंत्राला चार्जिंग लागत नसे. फक्त एक माणूस वाटीकडे टक लावून बसवावा लागे, आणि त्याला तेवढ्या वेळात दुसरं काही करता येत नसे. हा गुण आजच्या ॲपमध्येही टिकून आहे, तो मला पुढे अनुभवाला आला.

या यंत्राचा इतिहासातला सगळ्यात गाजलेला बिघाड लीलावतीच्या नावावर आहे. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या गणिताच्या ग्रंथाला हे नाव का पडलं, याची आख्यायिका फैजीनं १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतरात आहे. लेकीच्या लग्नाला एकच मुहूर्त निघाला होता. त्यासाठी घटिकापात्र लावलं. मुलगी कुतूहलानं डोकावली, अंगावरचा एक मोती निसटून वाटीत पडला आणि भोक बुजलं. वाटी बुडेचना. सगळे थांबून राहिले आणि मुहूर्त टळून गेला. खरं-खोटं विद्वान बघतील. मला एकच गोष्ट खटकते. सगळं वऱ्हाड वाटीकडे बघत बसलं आणि एकालाही मान वर करून सूर्याकडे बघावंसं वाटलं नाही.

घटका मात्र चिवट निघाली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस इटलीत फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या विद्यार्थ्याचं अभ्यासात लक्ष लागेना, म्हणून त्यानं स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं गजराचं यंत्र उचलून टेबलावर ठेवलं. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती. इटालियनमध्ये टोमॅटोला पोमोदोरो म्हणतात, म्हणून ही पोमोदोरो पद्धत. आज निम्म्या जगाची ॲप्स या टोमॅटोवर चालतात. चोवीस मिनिटांची आपली घटका आणि पंचवीस मिनिटांचा त्यांचा टोमॅटो! एक मिनिट तेवढं त्यांनी घासाघीस करून वाढवून घेतलं आहे.

घटिकापात्रात निदान एक बरं होतं. ते मुहूर्त मोजायचं, माणूस मोजत नव्हतं. माणूस मोजायची सुरुवात झाली ती कारखान्यांत. १८८८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न गावी विलार्ड बंडी नावाच्या जवाहिऱ्यानं एक घड्याळ तयार केलं. प्रत्येक कामगाराला नंबराची एक किल्ली. येताना-जाताना ती घड्याळात फिरवायची की आत कागदावर नंबर आणि वेळ उमटे. या धंद्याचा पुढे विलीनीकरणं होत होत जो वटवृक्ष झाला त्याचं नाव आयबीएम. संगणकाच्या घराण्याच्या वंशावळीत वरच्या फांदीवर एक मस्टर बसलेलं आहे, हे वाचून मला आमच्या हेडक्लार्कबद्दल निवृत्तीनंतर प्रथमच आदर वाटला.

मुंबईत हे काम भोंग्यानं केलं. पण त्याआधी घड्याळ कोणाचं खरं, यावरूनच इथे मोठा कलह झालेला आहे. १८८१ साली गव्हर्नर जेम्स फर्ग्युसननं मुंबईवर मद्रासची वेळ बसवून पाहिली. लोकांनी ती मनावरच घेतली नाही आणि १८८३ मध्ये हुकूम गुंडाळावा लागला. मग १९०६ च्या जानेवारीत भारतीय प्रमाणवेळ आली, ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे. म्हणजे सहाला हजर व्हायचं तर सूर्याच्या हिशेबानं पाच वाजून एकवीस मिनिटांनीच दारात उभं राहायचं. ही एकोणचाळीस मिनिटं कोणाच्या खिशातून गेली, हे कामगारांना बरोबर कळलं. त्यांतल्या काहींनी काम बंद ठेवलं. महापालिकेनं तर आपली मुंबई टाइम स्वातंत्र्य मिळाल्यावरही काही वर्षं हट्टानं चालू ठेवली. एका शहरात दोन वेळा! उशिरा येणाऱ्यांचा तो सुवर्णकाळ असला पाहिजे.

माझे वडील साच्यावर होते. साचा म्हणजे माग. भोंगा झाला की ते दारात चपला घालत असत. घरात एक टाइमपीस होता, पण तो भोंग्यावरून लावायचा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आले, आणि पुष्कळांसाठी गिरणीचं दार पुन्हा उघडलंच नाही. वडील तरीही पुढे कितीतरी वर्षं त्याच वेळेला उठत, दाढी करत आणि दारात येऊन बसत. आता यांचा वेळ जात नाही, असं आम्ही म्हणायचो. आई भोंग्याच्या आधी तास-दीड तास उठायची. संपाच्या आधीही, संपात आणि संपानंतरही. तिचा भोंगा कुठल्या गिरणीवर होता, हे विचारायचं तेव्हा आम्हाला कोणाला सुचलं नाही.

असो. आलास कधी आणि गेलास कधी, एवढ्यावर मालकांचं समाधान होईना. १८८० च्या दशकात फ्रेडरिक टेलर हा अमेरिकन इंजिनियर स्टॉपवॉच घेऊन कामगारांच्या मागे उभा राहिला आणि कुठल्या हालचालीला किती सेकंद लागतात ते टिपू लागला. या टेलरबद्दल मी फार लिहिणार नाही; मागे कोणी उभं राहिलं की माझी बेरीज चुकते. त्याच पंथातला फ्रँक गिलब्रेथ मात्र मला आवडला, कारण यानं स्वतःलाही सोडलं नाही. जाकिटाची बटणं वरून खाली लावायला सात सेकंद आणि खालून वर लावायला तीन, म्हणून हा कायम खालून लावायचा. दाढी दोन वस्तऱ्यांनी एकदम करून त्यानं ४४ सेकंद वाचवली, आणि कापलेल्या गळ्याला पट्टी बांधण्यात दोन मिनिटं घालवली. तेव्हा तो नाद सोडला. हे त्याच्या मुलांनी १९४८ सालच्या 'चीपर बाय द डझन' या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. मुलं बारा होती, तेव्हा वाचवलेल्या सेकंदांचं काय झालं, हा प्रश्न उरत नाही. १९२४ साली तो गेल्यावर त्याच्या बायकोनं, लिलियननं, तेच शास्त्र स्वयंपाकघरात नेलं. ओट्यापासून शेगडीपर्यंत बाईला किती पावलं पडतात ते मोजलं आणि कमी करून दाखवलं. स्वयंपाकघरात किती पावलं पडतात हे मोजण्यासारखं आहे, हे सुचायला शेवटी एक बाईच लागली.

पण हे सगळे दुसऱ्यांचा वेळ मोजणारे. आपला वेळ आपणच मोजणारा, आणि तोही पगार कापण्याची भीती नसताना, असा खरा पुरुष मला रशियात सापडला. अलेक्सांद्र ल्युबिश्चेव हा कीटकशास्त्रज्ञ. १ जानेवारी १९१६ ला त्यानं आपल्या वेळेचा हिशेब लिहायला घेतला आणि १९७२ साली मरेपर्यंत लिहिला. छप्पन वर्षं! मधे क्रांती झाली, एक महायुद्ध संपलं, दुसरं होऊन गेलं, याची वही चालू. रोजची नोंद, महिन्याची बेरीज, वर्षाचा ताळेबंद. दानिईल ग्रानिन या लेखकानं १९७४ साली त्याच्यावर पुस्तक लिहिलं तेव्हा जगाला हे कळलं. शेवटी शेवटी म्हणे त्याला घड्याळाकडे बघावंही लागत नसे, किती वेळ झाला ते अंगातूनच कळे. त्याची ७ एप्रिल १९६४ ची नोंद मी वाचली. किड्यांची चित्रं काढणं, सव्वातीन तास. एक पत्र, पावणेतीन तास. गावचं वर्तमानपत्र, दहा मिनिटं. टॉलस्टॉय, एक तास पंचवीस मिनिटं.

वर्तमानपत्र दहा मिनिटं! मला पहिलं पान उलटायला तेवढी लागतात.

आदरानं माझा ऊर भरून आला आणि मी ती नोंद हिला वाचून दाखवली. ही मेथी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्या दिवशी जेवला काय तो?"

मी पुन्हा नोंद पाहिली. जेवण नव्हतं. चहा नव्हता. कपडे कोणी धुतले, शेगडी कोणी पेटवली, काही नव्हतं. मला वाटतं, त्या दिवसापासून माझं ॲप-संशोधन जरा भरकटलं.

भरकटून मी पोचलो तो थेट भारत सरकारच्या दारात. आपल्या सांख्यिकी खात्यानं २०१९ साली साऱ्या देशात वेळेच्या वापराची पाहणी केली. घरोघर जाऊन विचारायचं, काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत तुम्ही काय काय केलंत, अर्ध्या अर्ध्या तासानं सांगा. एका अर्ध्या तासात माणूस दोन-तीन कामं करत असेल तर तीही लिहून घ्यायची सोय ठेवलेली होती; सरकारी फॉर्मात एवढं शहाणपण मी प्रथमच पाहिलं. उत्तर आलं ते असं: बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका, शंभरातल्या एक्याऐंशी; रोज सरासरी २९९ मिनिटं. पुरुष, शंभरातले सव्वीस, ९७ मिनिटं. तेही जे सव्वीस करतात त्यांची ही सरासरी. उरलेले चौऱ्याहत्तर माझ्यासारखे. २०२४ मध्ये पुन्हा पाहणी झाली. बायकांची मिनिटं २९९ वरून २८९ वर आली. चला, सुधारणा आहे, असं म्हणून मी शेजारचा रकाना बघितला, तर पुरुषांची ९७ वरून ८८ वर आलेली. दोन्ही बाजूंनी काम कमी झालं. मग भांडी कोण घासतं? मी बँकेत असतो तर हा फरक सापडेपर्यंत लोकल पकडली नसती.

शेवटी मी बटणवाल्या जातीतलं एक ॲप घेतलं. नाव सांगत नाही. फुकट मिळालेल्या वस्तूची निंदा करू नये. त्यात कामांची नावं आधीच भरलेली होती: मीटिंग, क्लायंट, जिम, प्रवास. माझ्या दिवसातलं त्यात काहीच नव्हतं. 'कट्टा', 'पाणी आलं का बघणे', 'चष्मा' असे रकाने मीच पाडले. पहिल्या आठवड्याचा ताळेबंद असा: वर्तमानपत्र रोज सव्वा तास, कट्टा दोन तास, चष्मा आणि मोबाईल शोधणे पस्तीस मिनिटं, आणि बटण दाबायला विसरल्यामुळे चुकलेले आकडे दुरुस्त करणे, पन्नास मिनिटं. एवढ्या सगळ्यात वेळ कुठे मिळतो, हे माझं म्हणणं सप्रमाण सिद्ध झालं होतं.

मी ते हिला दाखवलं.

"अहो, मग एक दिवस माझंही मोजा की," ही म्हणाली.

मोजायला गेलो आणि फसलो. सकाळी सहाला मी मोबाईल घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा. अगदी टेलर. हिनं दूध तापत ठेवलं. मी बटण दाबलं. दुधावर एक डोळा ठेवून हिनं कणीक मळायला घेतली. मी दूध थांबवून कणीक सुरू केली. तेवढ्यात मशीन लावलं, फुलपुडीवाल्याला पैसे दिले, बहिणीचा फोन कानाशी धरला आणि डाळ निवडता निवडता मला सांगितलं, की तुमचा चष्मा फ्रिजवर आहे. ॲपला एका वेळी एकच काम कळतं. दुसरं सुरू केलं की ते पहिलं बंद करतं. घटिकापात्राकडे बघत बसलेल्या त्या माणसाची मला दया आली. साडेनऊपर्यंत मी त्रेसष्ट वेळा बटण दाबलं होतं, अंगठा दुखायला लागला होता आणि ही अजून एकदाही बसली नव्हती.

"काय निघालं?" हिनं विचारलं.

रात्रीपर्यंत निघाले सहा तास दहा मिनिटं, एकावर एक चढवलेली कामं सोडून. त्याच दिवशी माझी घरकामाची बावीस मिनिटं होती. त्यातली पंधरा मी मेथी निवडली होती आणि ती नंतर हिनं पुन्हा निवडली. राष्ट्रीय सरासरीच्या खाली जाण्याचा प्रसंग माझ्यावर शाळेनंतर प्रथमच आला.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांची शिडी आणली आणि पेटी खाली काढली. सवयीनं बटण दाबलं होतं म्हणून सांगतो: अकरा मिनिटं लागली. सहा वर्षं अडली होती ती या अकरा मिनिटांवर. भात्याला उंदरांनी खिडक्या पाडल्या होत्या आणि चार सूर मुके झाले होते. दुरुस्तीवाल्यानं महिना लावला. पेटी घरी आली त्या संध्याकाळी ही तिच्यावरून नुसता हात फिरवून उठली. म्हणाली, "कुकर लावायचाय."

"मी लावतो."

"तुम्ही?"

त्या एका शब्दात जे होतं ते कुठल्याही पाहणीत आलेलं नाही. तर आता संध्याकाळी साडेसहा ते आठ स्वयंपाकघर माझ्याकडे. भात, आमटी आणि एक भाजी. पोळ्यांच्या वाटेला मी जात नाही. पहिल्या दिवशी ही दर पाच मिनिटांनी आत येऊन गेली. दुसऱ्या दिवशी दोनदा आली. हल्ली मीठ कुठे आहे म्हणून मी हाक मारली तर ऐकू येत नाही.

ॲप अजून आहे. गेल्या गुरुवारी मी 'स्वयंपाक'चं बटण दाबलं आणि बंद करायला विसरलो ते शुक्रवारी सकाळी आठवलं. दुरुस्त करायचा कंटाळा केला. हे हिशेब दर रविवारी चिरंजीवांच्या मोबाईलवरही जातात, अशी व्यवस्था त्यांनीच जाताना करून ठेवली होती, हे मी विसरलो होतो. परवा रविवारी संध्याकाळी सातला बंगळुरूहून फोन. आवाज घाबरलेला.

"बाबा, या आठवड्यात स्वयंपाक बावीस तास? तुम्ही? आई बरी आहे ना?"

कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या होत्या. मी गॅस बंद केला आणि फोन बाहेरच्या खोलीच्या दिशेनं धरला.